आठ ते नऊ तिबेट

बहारीनमधल्या सलमाबादच्या आमच्या लेबर कँपात प्रेस्कॉट साहेब रोज सकाळी आठ ते नऊ तिबेटवर राज्य करायचा. नऊ वाजले की उठायचा, पोर्टा केबिनमधल्या ऑफिसात जाऊन बसायचा आणि मग दिवसभर कँप मॅनेजर असायचा. म्हणजे कुठल्या खोलीतला एसी बंद पडला, पाण्याचा टँकर आला की नाही, ढेकणांचं औषध कधी मारायचं, हे बघायचा. खरं सांगायचं तर हे सगळं दुसरेच बघायचे. तो एक तास मात्र मेल्याने एक दिवस चुकवला नाही.

मी त्याचा ड्रायव्हर. कुडाळकडचा, परब. सहा वर्षं त्याला सकाळी रिफाच्या व्हिलावरून उचललं आणि संध्याकाळी तिथेच नेऊन टाकलं. गाडीत मागे बसणाऱ्यांना एक खोड असते, पुढे बसलेल्यालाही कान आहेत हे ते विसरतात. त्यामुळे मी आता जे सांगणार आहे ते ऐकीव नाही. आणि मेल्या-गेल्याबद्दल वाईट बोलू नये वगैरे कुणी मला सांगू नका, हा माणूस इंग्लंडात जिवंत आहे आणि तब्येतीने ठणठणीत आहे.

तर तिबेट कुठून आलं? साहेबाचा आजोबा इंग्रजांच्या राज्यात अधिकारी होता. त्याला तिबेटात ग्यांत्से नावाच्या गावी नेमलेलं. तिथे तो काही वर्षं राहिला आणि रोज डायरी लिहीत गेला. किती वाजता उठलो, काय खाल्लं, कोण अर्ज घेऊन आलं, कुणाला हाकललं, सगळं. ती डायरी साहेबाकडे होती, तपकिरी चामड्याच्या पुठ्ठ्याची. आमच्या गावचे भटजी पोथीला जपत नसतील इतकं तो तिला जपायचा. गाडीत मांडीवर घेऊन बसायचा आणि मला वाचून दाखवायचा, मी विचारलेलं नसताना. स्वतः साहेबाने तिबेट कधी पाहिलेलं नव्हतं. एकदा माणसं भरायला काठमांडूला गेला होता, तर पोट बिघडून चार दिवस हॉटेलच्या खोलीतून बाहेर आला नाही. हिमालय बघायचा तोही राहिला.

आजोबाच्या डायरीप्रमाणे ह्याचा दिवस चालायचा. सहाला चहा. मग चार मिनिटं उकडलेलं अंडं, ते साडेचार मिनिटं झालं तर घरकाम करणाऱ्या बाईच्या नावाने शंख. मग कुत्रा फिरवणं. आजोबाचा कुत्रा म्हणे अंगावर आलेल्या लांडग्याला फाडायचा. ह्याचं कुत्रं पांढरं, वीतभर, रिफाच्या गल्लीत मांजर दिसलं की माझ्या गाडीखाली शिरायचं. मग मी पँट वर खोचून आडवा पडून त्याला बाहेर काढायचो आणि साहेब छत्रीखाली उभा राहून सांगायचा, "आजोबा ह्या वेळेला घोड्यावर बसून नदीपर्यंत जाऊन आलेले असायचे." शिरा पडली तेच्या तोंडार, मी गाडीखालून म्हणायचो.

आता राज्य करायचं तर प्रजा पाहिजे. ती त्याला आमच्या कँपात सापडली. बेचाळीस माणसं, परांची बांधणारी. नेपाळच्या अगदी वरच्या टोकाची, तिबेटच्या सरहद्दीला लागून गावं आहेत त्यांची. धर्म बौद्ध, बोली तिबेटीच्या जवळची, पासपोर्ट नेपाळचा. त्यांचा फोरमन पासांग. चाळिशीचा, बुटका, बोलायला कमी आणि हसायला पुढे. पहिल्याच दिवशी त्याने साहेबाला हात जोडून सांगितलं, "सर, हम लोग नेपाली है." साहेब म्हणाला, "तुम्ही कोण आहात हे तुम्हाला माहीत नाही. मला माहीत आहे." खलास. त्या दिवसापासून ते बेचाळीस जण 'माझे तिबेटी' झाले.

दरबार भरायचा मेसच्या बाहेरच्या पत्र्याच्या शेडखाली. एक खुर्ची, एक टेबल, टेबलावर डायरी, बाजूला पंखा साहेबाकडे तोंड करून. रात्रपाळीची बस साडेसातला यायची. माणसं रात्रभर लोखंडी पाइप चढवून आलेली, डोळे लालभडक, अंगावर मिठाचे पांढरे डाग. त्यांनी झोपायचं नाही, आंघोळ करून ओळीत उभं राहायचं. ज्याचं काही म्हणणं असेल त्याने पुढे यायचं, वाकायचं आणि गळ्यात घालायचा पांढरा पट्टा दोन्ही हातांवर धरायचा. त्याला ते लोक खादा म्हणतात. त्यांच्यात रीत अशी, की ज्याला मान द्यायचा त्याच्यापुढे खादा धरावा, त्याने तो घ्यावा आणि बहुतेक वेळा देणाऱ्याच्याच गळ्यात परत घालावा. देणाऱ्याचाही मान राहतो.

आमचा साहेब ते सगळे ठेवून घ्यायचा. आजोबा म्हणे परत येताना पेटीभर खादे घेऊन आले होते, मग ह्याचीही पेटी भरायला नको का? आठवड्याभरात कँपातले खादे संपले. पासांग माझ्याकडे आला, "भाईजी, सब खलास. अब मफी. कल बाथरूम के नल के लिए बोलना है, क्या लेके जाएगा?" नळ गळतोय हे सांगायला रेशमी पट्टा! मी मनामाच्या बाजारातून पांढरं अस्तराचं कापड आणलं, शिंप्याकडून पट्ट्या कापून घेतल्या. पुढे सहा वर्षं साहेबाने तीच स्वीकारली. पाहुणे आले की कपाट उघडून दाखवायचा, "ल्हासाचं रेशीम." एक बाई ते गालाला लावून डोळे मिटून उभी राहिली होती. मी दाराशी होतो, मला खोकल्याचं निमित्त करून बाहेर जावं लागलं.

तसंच त्या लोणी घातलेल्या चहाचं. आजोबाने लिहिलेलं, तिबेटी माणूस दिवसाला तीस कप लोण्याचा खारट चहा पितो. साहेबाने मेसमध्ये हुकूम सोडला, दरबाराच्या वेळी सगळ्यांना तोच चहा. बाहेर सकाळीच चाळीस डिग्री! माणसं कप हातात धरून उभी राहायची, साहेबाची पाठ वळली की शेडमागच्या वाळूत ओतायची आणि कोपऱ्यावरच्या मल्याळी टपरीवर करक, म्हणजे तिकडचा कडक दुधाचा चहा प्यायला जायची. एकदा साहेबाने त्यांना टपरीवर पकडलं. गाडीत मला म्हणाला, "वाईट वाटतं, ड्रायव्हर. ही माणसं आपली संस्कृती विसरत चालली आहेत." त्याचा स्वतःचा कप त्या दिवशी कुंडीत ओतलेला मी डोळ्यांनी पाहिला होता.

आणि एक दोर्जे होता. त्याला उंचीची भीती. तिसऱ्या मजल्याच्या वर गेला की पाय लटपटायचे, ओकायचा. त्याने दरबारात तसं सांगितलं आणि खाली काम मागितलं. साहेबाने डायरी चाळली. मग म्हणाला, "तिबेटी माणसाला उंचीची भीती नसते. तू समुद्रसपाटीवर आहेस म्हणून तुला त्रास होतोय. आणखी वर जा, बरं वाटेल." मी थट्टा करत नाही, हेच शब्द. पासांगने त्याला गुपचूप पाइप मोजायच्या कामाला खाली लावला आणि साहेबाला सांगितलं की तो आता सातव्या मजल्यावर असतो. साहेबाने खूश होऊन ते स्वतःच्या डायरीत टिपलं. हो, तोही डायरी लिहायचा. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर सुंभ जळून ऐंशी वर्षं होत आली आणि पीळ नातवाने वळायला घेतलेला.

इथपर्यंत आम्ही हसत होतो. खोलीवर जेवताना मी साहेबाची नक्कल करायचो, कोकणातली पोरं हसून लोळायची. पासांगच्या बापाची बातमी आली आणि माझं हसणं तिथेच थांबलं.

पासांग एकुलता मुलगा. बाप गावी, याक राखणारा. गावात फोन लागत नाही, त्यामुळे बाप गेल्याचं कळायला तिसरा दिवस उजाडला. पासांग माझ्याकडे येऊन बसला आणि मला सगळं समजावून सांगितलं, कारण त्याला इंग्रजी जेमतेम आणि साहेबाशी बोलताना मी जवळ असावा असं त्याला वाटत होतं. त्यांच्यात मानतात, की माणूस गेला तरी एकोणपन्नास दिवस तो वाटेवर असतो. पुढचा जन्म ठरायचा असतो. दर आठवड्याला पाठ होतात आणि एकोणपन्नासाव्या दिवशी शेवटचा विधी. त्याच्या घराण्यात त्याला मुलगा लागतो. आणि तोवर गेलेल्याचं नाव कुणी तोंडातून काढायचं नाही. नावाने हाक ऐकली की तो मागे वळतो, घुटमळतो, त्याची वाट अडते. मला हे समजायला काय वेळ लागणार? आपल्याकडे दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना की आपण हात जोडून काय काय कबूल करत उभे राहतो, मी स्वतः राहिलोय माझ्या बापाच्या वेळी.

"भाईजी, बस उनचासवें दिन तक पहुँचना है," तो म्हणाला. "और कुछ नहीं माँगता."

चौथ्या दिवशी तो दरबारात उभा राहिला. अस्तराची पट्टी हातावर, सुटीचा फॉर्म तिच्यावर. साहेबाने फॉर्म वाचला. मयताचं नाव ही जागा कोरी होती.

"बापाचं नाव काय?"

पासांगने पट्टी आणखी पुढे धरली.

"तुझ्या बापाचं नाव विचारतोय मी."

"सर, फादर."

"फादर हे नाव नाही."

"सर, माय फादर. ओन्ली फादर."

साहेबाने डायरी उघडली, एका ओळीवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघून डोळा मारला. ती ओळ त्याने मला नंतर गाडीत वाचून दाखवली. अर्जदार बाप मेला म्हणून रजा मागू लागला तर त्याला अचानक बापाचं नाव विचारावं, खोटं बोलणारा अडखळतो. आजोबाची युक्ती! फॉर्मवर त्याने लाल शाईत 'नामंजूर' लिहिलं. पासांगने माझ्याकडे बघितलं. मी काय केलं? खाली बघितलं. माझा व्हिसा त्या महिन्यात रिन्यू व्हायचा होता.

गाडीत मात्र मी धीर केला. "सर, त्यांच्यात मेलेल्याचं नाव घेत नाहीत. एकोणपन्नास दिवस."

"कोण म्हणतं?"

"ते सगळेच म्हणतात, सर."

साहेब हसला. "ड्रायव्हर, माझं घराणं तिबेटी लोकांना शंभर वर्षं ओळखतं. असली काही रीत असती तर आजोबांनी लिहिली असती." आणि खिडकीबाहेर बघत बसला. जो माणूस रीत पाळतोय तो समोर उभा, आणि ह्याला ती पुस्तकात सापडत नाही म्हणून ती नाहीच. दीडशहाणे मी पुष्कळ बघितले, पण हा म्हणजे कहर.

मी सिल्व्हियाताईंकडे गेलो. त्या वसईच्या, आमच्या ऑफिसात कागदपत्रांचं काम त्यांच्याकडे, कँपातल्या प्रत्येकाचा सीपीआर, म्हणजे ओळखपत्राचा नंबर तोंडपाठ. सगळं ऐकून म्हणाल्या, "एवढंच ना? अरे परब, जॉइनिंग फॉर्मवर बापाचं नाव असतंच की. त्याच्या तोंडून कशाला पाहिजे?" फाइल काढली, नाव मिळालं. मी आनंदाने त्यांच्या टेबलावर हात आपटला. त्यांनी नव्या फॉर्मवर आपल्या सुंदर अक्षरात ते लिहिलं आणि साहेबापुढे ठेवलं.

साहेब म्हणाला, नाकारलेला अर्ज एक महिना परत ऐकायचा नाही. हाही डायरीतला नियम. नाहीतर म्हणे लोकांना वाटतं रडलं की मिळतं. सिल्व्हियाताईंनी हेड ऑफिसला फोन लावला. तिकडून उत्तर, कँप मॅनेजरची सही आणा, एका दिवसात सोडतो. ताई परत साहेबाकडे गेल्या, बाहेर आल्या तेव्हा चेहरा लाल. "माझ्या सासऱ्यांच्या मयताला मी पाद्रीशी भांडलेय रे," मला म्हणाल्या, "पण ह्या माणसाशी भांडायला तोंडच सापडत नाही."

मग तो महिना गेला. पासांग पळून गेला नाही, आरडाओरडा केला नाही. रोज रात्रपाळी करून यायचा आणि बसमधून उतरताना मला आकडा सांगायचा. "भाईजी, आज ग्यारह." "भाईजी, आज बीस." मी मनातल्या मनात प्रवास मोजायचो. काठमांडूपर्यंत विमान, तिथून दोन दिवस बस, मग छोट्या विमानाने डोंगरात, मग चार दिवस पायी. सगळं सुरळीत झालं तर नऊ दिवस. "आज तीस," तो म्हणाला तेव्हा मी त्याला चहा पाजला, दुसरं काय करणार होतो?

छत्तिसाव्या दिवशी साहेबाने फॉर्म मागवला. त्या दिवशी स्वारी खुशीत होती. सगळ्या बेचाळीस जणांना बोलावलं. पासांगला समोर उभा केला, फॉर्म डोळ्यांपुढे धरला आणि उभा राहून, छाती काढून, ते नाव मोठ्याने वाचलं. पुरतं, घराण्यासकट. मग उच्चार मनासारखा झाला नाही म्हणून परत वाचलं. मग एकेक अक्षर सोडवून तिसऱ्यांदा, देवळातल्या घंटेसारखं.

दोर्जेने दोन्ही हात कानांवर घेतले. त्यांच्याच गावाकडचा म्हातारा मेसवाला जमिनीकडे बघून मंत्र पुटपुटायला लागला. आणि पासांग, ज्याने महिनाभर स्वतःच्या बापाचं नाव दातांमागे धरून ठेवलं होतं, तो ताठ उभा होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. साहेबाला वाटलं, उच्चार ऐकून भरून आलं. त्याने पासांगच्या खांद्यावर थोपटलं आणि सही केली.

ते नाव साहेबाच्या हातात दिलं कोणी? मी दिलं. सिल्व्हियाताईंनी लिहिलं, पण त्यांना तिथवर नेलं मी. पासांगला मी तसं सांगितलं, रात्रपाळीची बस निघायच्या आधी. तो म्हणाला, "आपने तो जाने के लिए किया, भाईजी." त्याने मला माफ केलं असेल. मी स्वतःला अजून केलेलं नाही, आणि म्हणून ते नाव इथेही लिहीत नाही.

तिकीट एकोणचाळिसाव्या दिवशी मिळालं. मी त्याला विमानतळावर सोडलं. नऊ दिवस, म्हणजे अठ्ठेचाळिसावा. एक दिवस हाताशी होता. पण डोंगरातल्या त्या छोट्या विमानतळावर ढग उतरले आणि तीन दिवस विमान उडलं नाही. दोन आठवड्यांनी गावावरच्या कुठल्याशा खिंडीतून त्याचा आवाज आला मोबाइलवर, वारा घोंघावत होता पाठीमागे. "भाईजी, पहुँच गया. इक्यावन." विधी चुलत्याने उरकला होता. पासांग बहारीनला परत आला नाही. फोरमनची जागा दुसऱ्याने घेतली.

त्यानंतर वर्षभराने साहेब रिटायर झाला. रिफाच्या व्हिलावर दुपारचं जेवण ठेवलं होतं, वीस-पंचवीस गोरे पाहुणे आणि हेड ऑफिसचे दोन साहेब. मी बॅगा गाडीत भरत होतो, विमान संध्याकाळचं. आतून टाळ्या ऐकू आल्या म्हणून दाराशी गेलो. साहेब स्वतःची डायरी वाचत होता. ज्या दिवशी त्याने एका साध्या तिबेटी मजुराच्या दिवंगत वडिलांचं नाव शुद्ध तिबेटीत उच्चारलं आणि त्या माणसाला अश्रू आवरेनात, तो दिवस. आपल्या नोकरीतला सर्वांत समाधानाचा दिवस, असं त्याने लिहिलं होतं. आणि त्याने ते नाव पुन्हा घेतलं, पाहुण्यांना ऐकवण्यासाठी. एका बाईने डोळ्यांना रुमाल लावला. वाटलं, आत जाऊन त्या पुस्तकाचे तुकडे करावेत. केले नाहीत. गाडीत जाऊन एसी लावून बसलो.

विमानतळाच्या वाटेवर साहेब मागे पेंगत होता. सीफच्या पुलावर मी आरशात बघितलं आणि म्हणालो, "सर, पासांग दोन दिवस उशिरा पोचला."

"कोण?"

"पासांग, सर. ज्याचे वडील वारले. एकोणपन्नासाव्याला पोचायला हवा होता. एक्कावन्नाव्याला पोचला."

साहेबाने थोडा विचार केला. खरंच केला, कपाळाला आठ्या घालून. वाटलं, आता तरी काहीतरी आत जाईल.

"पण पोचला ना?" तो म्हणाला. "मग झालं. त्या डोंगरात कॅलेंडर कोण बघतं, ड्रायव्हर?"

विमानतळाच्या दारात मी डिकी उघडली, दोन्ही मोठ्या बॅगा उचलल्या. साहेबाने डायऱ्यांची पिशवी काखेत मारली आणि निरोपाचा हात पुढे केला. माझ्या दोन्ही हातांत बॅगा होत्या. त्या मी खाली ठेवल्या नाहीत.